जुगारी माणूस घडतो कसा? गिरणगावच्या मटक्यापासून तळवलीच्या मोबाईलपर्यंत

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

आपल्याकडे एखादा पोरगा ऑनलाइन रमीत नाहीतर क्रिकेटच्या सट्ट्यात बुडाला, घरावर कर्ज झालं, बायको माहेरी गेली, की नाक्यावर दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "त्याचा स्वभावच तसा." दुसरं, "जमिनीचा फुकटचा पैसा, दुसरं काय होणार?" एवढं बोललं की विषय संपला. मला ही दोन्ही वाक्यं अर्धवट वाटतात. आणि अर्धवट निदानावर औषध दिलं की रोग वाढतो, हे आपण दारूच्या बाबतीत गावागावात पाहिलंय. म्हणून जुगारी माणूस कोण असतो, कुठून येतो, हे इतिहासात शोधायचा हा प्रयत्न.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वं सूक्त आहे, अक्षसूक्त म्हणतात त्याला. त्यात बोलणारा माणूस स्वतः जुगारी आहे. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, कर्ज अंगावर आलं, रात्री दुसऱ्याच्या घरी आसरा शोधायची वेळ आली, हे सगळं तो सांगतो. आता खेळायचं नाही असं ठरवतोही. पण फाशांचा आवाज कानावर पडला की पाय तिकडेच वळतात. या माणसाला आपलं चुकतंय हे पक्कं कळतं. कळणं आणि थांबणं यांच्यात केवढं अंतर असतं, ते हजारो वर्षांपूर्वी एवढं स्वच्छ लिहून ठेवलंय. सूक्ताच्या शेवटी त्याला सल्ला मिळतो तो फासे सोडून शेती करण्याचा. हा सल्ला लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

महाभारतात बघा. द्यूतात सगळं हरलेला माणूस कुणी लफंगा नव्हता, तो धर्मराज होता. बोलणं खरं, वागणं सरळ, घरात मान. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्राने गेलेलं सगळं परत दिलं. पांडव निघालेसुद्धा. वाटेत पुन्हा बोलावणं आलं आणि युधिष्ठिर मागे फिरून परत खेळायला बसला. पुढे अज्ञातवासात विराटाच्या दरबारी त्याने कंक नाव घेतलं, तेही राजाबरोबर फासे खेळणारा म्हणूनच. "स्वभाव वाईट म्हणून जुगारी" हा हिशोब इथंच चुकतो.

कौटिल्याकडे तर शब्दच वेगळा भेटतो. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात 'व्यसन' म्हणजे संकट. राज्यावर येणारे पूर, दुष्काळ, रोगराई ही व्यसनं, आणि माणसाचे जुगार, मद्य, शिकार हेही नाद त्याच अधिकरणात. आज आपण 'व्यसनी' म्हणतो ते शिवी दिल्यासारखं. मूळ शब्दात आपत्ती होती. पण हाच कौटिल्य जुगारावर अधिकारी नेमतो, खेळ एकाच जागी चालवायला सांगतो आणि जिंकलेल्या रकमेवर राज्याचा पाच टक्के वाटाही घेतो. बंदीही हवी आणि उत्पन्नही हवं, ही सरकारी ओढाताण तेव्हापासूनची.

आता खाडी ओलांडून मुंबईत येऊ.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की रोज नवी कंपनी निघायची. बॅकबे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला बाजार कोसळला. बडे बडे व्यापारी दिवाळखोर झाले, त्यात प्रेमचंद रायचंदही होते. आईच्या नावानं त्यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्यांना कुणी जुगारी म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. मुद्दा एवढाच की श्रीमंत बुडाला तर 'मंदी आली' आणि गरीब बुडाला तर 'नाद लागला', ही आपल्या बोलण्यातली सवय जुनी आहे.

त्याच शतकात मुंबईत पावसावरही पैसे लागायचे. आज पाऊस पडणार का, पन्हाळ वाहणार का, यावर. १८८७ साली मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. आजही अड्ड्यावर छापा पडला की बातमीत ज्या कायद्याचं नाव येतं, तो हाच.

मग आला आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि बंद व्हायचा, ते आकडे टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. त्यावर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथून आले. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून आकडे येणं बंद झालं. बाजार बंद झाला, पण लावणारे होतेच. १९६२ मध्ये वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला वेगळा मटका काढला. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. पुढे पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. तीन, सहा, आठ आले तर बेरीज सतरा, म्हणून आकडा सात. रात्री ओपन, मध्यरात्री क्लोज, दोन्ही मिळून जोडी.

यातलं गणित अगदी सोपं आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमा दहा रुपये. एकाचा आकडा लागतो, त्याला साधारण नऊ मिळतात. एक रुपया चालवणाऱ्याचा. कुणी हरो, कुणी जिंको, तो एक रुपया रोज बाजूला पडतो. रोज खेळणाऱ्याचा खिसा याच रुपया-रुपयाने रिकामा होतो.

तरी लोक का लावायचे? हे समजायला लावणाऱ्याकडे बघावं लागतं. मटक्याचा जीव गिरणगावात होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला पुरुष, बायकापोरं गावाला, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं, जेवण खानावळीत. त्यात बदली कामगार असेल तर रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. आज कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. म्हणजे त्याची रोजीच सोडतीसारखी. दिवसभर ज्याच्या हातात काही नाही, त्याला रात्री एक आकडा स्वतः निवडता यायचा. स्वप्नात साप दिसला तर हा आकडा, गाडीचा नंबर दिसला तर तो, बाबाने बोटं दाखवली तर तिसरा. जुने निकाल लिहिलेले तक्ते घेऊन माणसं अभ्यास करायची. आपण हसतो. पण मला त्यात हाव कमी आणि आयुष्यावर थोडा ताबा मिळवायची धडपड जास्त दिसते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेकांच्या गिरण्या परत नीट सुरू झाल्याच नाहीत. मटक्याचा मोठा गिऱ्हाईक असा गेला, पुढे पोलिसांच्या धाडींनीही धंदा आटला. रतन खत्री २०२० मध्ये वारले. मटका मात्र पुरता मेला नाही, त्याने कपडे बदलले.

सरकारनेही आपला डाव मांडला होता. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी बेकायदा जुगाराकडे जाऊ नये, हा त्यामागचा एक युक्तिवाद. त्याआधी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात सांगितलं होतं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. त्या निकालपत्रात अक्षसूक्ताचा उल्लेख आहे. न्यायमूर्तींनाही त्याच माणसाकडे जावं लागलं.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळाला तर पोट भरल्यावर कबुतर थांबतं. पण कधी तिसऱ्या, कधी विसाव्या टोच्याला, म्हणजे भरवसा नसताना दाणा मिळाला, तर ते टोचत राहतं. दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ टोचतं. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की थोडक्यात हुकलं, तर मेंदूचे जिंकल्यावर जागे होणारे काही भाग तेव्हाही जागे होतात. आपल्याकडे म्हणतात ना, "एका घराने गेला रे." ते हरणं मेंदूला हरल्यासारखं वाटतच नाही. म्हणजे खेळाची रचनाच अशी आहे की साधासुधा मेंदूसुद्धा अडकतो.

डॉक्टरांच्या वहीत हा आजार म्हणून यायला बराच काळ गेला. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये त्याची नोंद केली ती उचलेगिरी, आगी लावणं अशा अनावर आवेगांच्या रांगेत. २०१३ मध्ये तो तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला. नऊ खुणा दिल्या. रक्कम वाढवत जाणं, थांबवलं की चिडचिड, गेलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं, घरच्यांशी खोटं बोलणं, दुसऱ्याकडून पैसे घेऊन वेळ मारून नेणं, वगैरे. बारा महिन्यांत यातल्या चार किंवा जास्त दिसल्या तर आजार समजायचा.

माझ्या मते सर्वात उपयोगी काम झालं २००२ मध्ये. ब्लाझ्चिन्स्की आणि नोअर या दोन अभ्यासकांनी सांगितलं की जुगारी हा एकच प्रकारचा माणूस नसतो. एकाच दारात पोहोचणाऱ्या तीन वाटा असतात.

पहिली वाट साध्या माणसाची. आधी काही दुखणं नाही, स्वभावात काही वावगं नाही. मित्रांनी बसवलं, सुरुवातीला एकदा चांगला हात लागला, सवय झाली, पैसे गेले, ते काढायच्या मागे लागला. याची उदासी, याची दारू ही जुगारानंतरची. याला खेळापासून लांब नेलं, हिशोब कुणाच्या तरी हाती दिला, तर हा लवकर सावरू शकतो.

दुसरी वाट दुखावलेल्या माणसाची. लहानपणी घरात मारहाण, बापाची दारू, जवळचं माणूस गेलेलं, नाहीतर मनात कायमची भीती किंवा उदासी. याला पैशापेक्षा विसर हवा असतो. खेळताना डोकं शांत होतं. याचा मोबाईल काढून घेतला की दुखणं उघडं पडतं. उपचार आधी त्या दुखण्यावर हवेत.

तिसरी वाट उतावळ्या माणसाची. शाळेपासून एका जागी न बसणारा, लगेच हवं असणारा, धोका आवडणारा. गाडी जोरात, भांडण पटकन, नशा लवकर. जुगार हा त्याच्या अनेक उड्यांपैकी एक. याच्यावर वेळ जास्त लागतो, तज्ज्ञ लागतो.

आता गावात कुणाकुणाचे चेहरे डोळ्यांसमोर येतात ते बघा. (नावं घ्यायची नाहीत.) तिघांना आपण एकच वाक्य लावतो, "स्वभावच तसा." ते फारतर तिसऱ्याला थोडंफार लागू पडतं. पहिल्या दोघांवर तो सरळ अन्याय आहे.

राहिलं दुसरं वाक्य, फुकटच्या पैशाचं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आपल्या गावांकडे भातशेती होती, खाडीची मासळी होती, मिठागरं होती. आधी एमआयडीसी आली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. जमिनीला मिळालेला भाव किती तुटपुंजा होता ते घराघरात ठाऊक आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतरच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. त्या पैशाला 'फुकटचा' म्हणणाऱ्याने आधी जासईला जाऊन यावं.

आणि पैसा आला म्हणून सगळे जुगारी झाले का? बहुतेकांनी खोल्या बांधल्या, पोरं शिकवली, कुणी टेम्पो घेतला, कुणी दुकान टाकलं. पैशाने जुगारी होत असते तर अर्धी नवी मुंबई झाली असती. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अक्षसूक्तात जुगाऱ्याला सल्ला मिळाला शेती करण्याचा. शेतीतही भरवसा नसतो, पाऊस दगा देतो. पण तिथं आज केलेलं काम चार महिन्यांनी डोळ्यांना दिसतं, आणि सगळं घर एका वेळापत्रकात बांधलेलं असतं. आपल्याकडे ते वेळापत्रक एका पिढीत गेलं. त्या जागी काय आलं? महिन्याला येणारं खोल्यांचं भाडं, कधीतरी एकदम येणारी मोठी रक्कम, आणि ती कधी येईल याची वर्षानुवर्षं वाट. शेजारी कारखाने उभे राहिले, पण कायमची नोकरी थोड्यांनाच, बाकीच्यांना कंत्राट. गिरणीच्या गेटवर उभा बदली कामगार आणि ठेकेदाराच्या फोनची वाट बघणारा आपला पोरगा, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. हे माझं मत आहे, कुणी मोजून सिद्ध केलेलं नाही. पण विचार करून बघा.

त्यात खेळ बदलला. गणपतीच्या जागरणाला पत्ते आपल्याकडे पूर्वापार बसतात. पण तिथं डाव पहाटे मोडायचा, समोर काका-मामा असायचे, कुणी फार हरला तर "बस कर आता" म्हणणारा कोणीतरी होता. मटक्यातही ओपन-क्लोजच्या मध्ये तास जायचे, आकडा घेणारा तोंडओळखीचा असायचा. मोबाईलमध्ये डाव काही सेकंदांचा. रात्री तीन वाजताही चालू. समोर माणूसच नाही. पैसे संपले तर त्याच मोबाईलवर झटपट कर्ज. ज्या कबुतराला पूर्वी दिवसातून दोनदा टोचायला मिळायचं, ते आता तासाला शेकडो वेळा टोचतंय. आणि बाया खेळत नाहीत असंही समजू नका, घरात बसून खेळता येतं तेव्हा ते दिसत नाही एवढंच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशावरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. हा विचार मला योग्य वाटतो. पण १८८७ च्या कायद्यानंतरही आकडा आला, मटका आला. न्यूयॉर्कचा टेलिप्रिंटर बंद झाला तर वर्षभरात वरळीत मडकं तयार होतं. एक दार बंद झालं म्हणून तळवलीतल्या पोराची गरज संपत नाही, तो दुसरं दार शोधतो. त्यामुळे उरलेलं काम आपलंच आहे.

घरच्यांनी एक करावं. कर्ज एकदम फेडून "आता पुन्हा नको हं" म्हणू नये. तसं केलं की त्याच्या मेंदूला तो मोठा हात लागल्यासारखंच होतं. आधी सगळं कर्ज कागदावर लिहून घ्या. बँकेचं, ॲपचं, सावकाराचं, मित्रांचं. व्यवहार काही काळ घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, प्लॉटचे-खोल्यांचे कागदही. मग हप्त्याने फेडा, त्याच्या कमाईतून. आणि डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. जुगारात बुडालेल्या माणसाने "आता जगून काय करू" असं म्हटलं तर ते नाटक समजू नका. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

गावाने, मंडळांनी दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती. यंदा जागरणाला पैशावरचे पत्ते बंद ठेवा, खेळ राहू द्या. आणि साडेबारा टक्क्यांचा किंवा इमारतीच्या पुनर्बांधणीचा मोठा पैसा ज्या घरात येणार आहे, त्या घरातल्या तरुणांना तो येण्याआधी बसवून हिशोब, गुंतवणूक आणि या जाळ्याबद्दल सांगा. पैसा आल्यावर सांगून उपयोग नसतो, तेव्हा सांगायला येणारे भलतेच असतात.

कुणाच्या घरात हे चालू असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. मी डॉक्टर नाही, पण बरोबर दवाखान्यात येईन. खाली कॉमेंटमध्ये मात्र कुणाचंही नाव लिहू नका, इशाऱ्यानेही नको. लिहिलं तर मी कॉमेंट काढून टाकणार, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना.